जहाजाच्या बाटलीतली चटणी

माझ्या ताईला खोटं बोलता येत नाही. ती फार सत्यवचनी आहे अशातला भाग नाही, तिला ते जमतच नाही. लहानपणी आम्ही दोघींनी मिळून काही उद्योग करून ठेवला की मी आईला सफाईदार थाप मारायची, आणि आई माझं काही न ऐकता नुसती ताईच्या तोंडाकडे बघायची. तेवढ्यावरच निकाल लागायचा. अशा बाईनं समोरच्या अख्ख्या कचेरीला वर्षानुवर्षं एका गोष्टीत अंधारात ठेवलं, हे कुणी सांगितलं असतं तर आमच्या आईनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते झालं. आणि ते माझ्या भावजींच्या डोक्यातून निघालेलं होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मग माझ्या बोलण्यात त्यांच्याबद्दल कुठे तिखटपणा आला तर तो का आला ते विचारायला नको.

ताई-भावजींचं टोस्टचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा. पुढे लोखंडी शटर, मग काउंटर, काउंटरमागे तवा आणि तव्यामागे पडद्याआड स्वयंपाकाची चिंचोळी खोली. लागून माझा गाळा. मी कपडे अल्टर करते. पँटची उंची कमी कर, कोटाचं अस्तर बदल, जाकिटाला नवी चेन बसव, असली कामं. दोन गाळ्यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत आहे. पलीकडे चमचा पडला तरी मला समजतं. त्यामुळे मी सांगणार आहे ते बरंचसं ऐकीव आहे, पण माझ्याच कानांनी ऐकलेलं आहे.

रस्त्यापलीकडे वाहन परवान्याची कचेरी. गाडी चालवायची परीक्षा द्यायला आलेली माणसं सकाळपासून तिथे रांगेत उभी असतात. परीक्षेआधी धीर यावा म्हणून टोस्ट खातात, पास झाली की आनंदानं खातात आणि नापास झाली की शिकवणाऱ्याची बोलणी ऐकत खातात. जाड पावाचे दोन काप, मधे चीज आणि चीजवर जहाजाची चटणी. तव्यावर वजन ठेवून दाबलेला टोस्ट कापला की कडेनं चटणीचा एक काळपट लाल ओघळ यायचा, आणि खाणारा पहिल्यांदा तोच बोटानं पुसून घ्यायचा.

ही जहाजाची चटणी बाटलीत यायची. आलुबुखाराची. आधी गोड, मग आंबट, आणि घास गिळल्यावर मागाहून तिखट. बाटलीवर निळ्या जहाजाचं चित्र, म्हणून सगळे तिला जहाजच म्हणायचे. भावजींच्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हापासून तीच. म्हातारे जाता जाता भावजींना सांगून गेले होते, "पाव बदल, तवा बदल, काय हवं ते बदल. चटणीला हात लावू नकोस." आसपासचे लोक भावजींना जहाजवाले म्हणायचे आणि ताईला जहाजवाल्या वहिनी. भावजी ते नाव एखाद्या पदवीसारखं मिरवायचे. ताईचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. तिचं एकूणच कशावर फारसं म्हणणं नसतं.

लग्नाआधी ताई औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर डोळ्यांसमोरून गोळ्यांच्या पट्ट्या सरकत जायच्या. एखाद्या पट्टीत एक खळगा रिकामा दिसला की ती बाजूला काढायची, एवढंच काम. त्या नोकरीनं तिला दोन गोष्टी दिल्या: चष्मा आणि चिकाटी. कंटाळा येणं म्हणजे काय हे तिला तेव्हापासून माहीत नाही. ठेंगणी, केस घट्ट बांधलेले, तव्याच्या वाफेनं चष्मा सारखा धूसर झालेला. ती तो पुसत नाही. वाफ आपोआप जाते म्हणते.

तर ती चटणी यायची बंद झाली. आधी माल उशिरा यायला लागला, मग कमी यायला लागला, आणि एक दिवस माल टाकणाऱ्यानं हात वर केले. कारखाना बंद पडला होता. भावजींचं धाबं दणाणलं. ते गावभर हिंडले, उपनगरांतल्या धुळकट दुकानांच्या मागच्या फळ्यांवरून उरलेल्या बाटल्या गोळा करून आणल्या. मग दुसऱ्या कंपन्यांच्या चटण्या लावून बघितल्या. लोकांनी नाकं मुरडली. अर्धे टोस्ट बशीत परत यायला लागले. परीक्षा घेणारे एक साहेब होते, आमच्यात त्यांचं नाव पास-नापास साहेब. ते रोजचं गिऱ्हाईक. त्यांनी एक घास खाल्ला, बशी सरकवली आणि म्हणाले, "नापास." भावजी त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई म्हणाली, "मी करून बघू का घरी?"

"काय?"

"चटणी."

"जहाजाची? तू?" भावजी हसले. "अगं, त्यांच्याकडे यंत्रं होती."

"चटणीच आहे ना? यंत्र काय करतं त्यात? ढवळतंच ना?"

बाटलीवर लिहिलेलं होतं: आलुबुखार, साखर, व्हिनेगर, मीठ आणि मसाले. त्या 'मसाले' शब्दाच्या पोटात काय काय दडलंय ते कंपनीलाच माहीत. ताईनं आलुबुखार आणले, बिया काढल्या, चिरले, आणि पहिला घाणा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात घातला. व्हिनेगरनं पातेलं खाल्लं आणि चटणीला डब्याची चव आली. दुसरा घाणा गोठून असा बसला की बाटलीतून काढायला सुरी लागली. तिसऱ्या वेळी तिनं व्हिनेगर उघड्यावर आटवलं, तर वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खोकत खोकत खाली आले आणि आग लागलीय का विचारायला लागले. चौथा मला आवडला होता. ताजा, फळाचा छान वास. भावजींनी चाखून तोंड वाकडं केलं. "हिला फळाची चव येतेय."

"फळाचीच आहे, भावजी," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? जहाजाला फळाची चव येत नाही. जहाजाला जहाजाची चव येते."

मी त्यांना बोलणार होते, पण ताई मान हलवत होती. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. ही फार ताजी आहे."

तिथून ती खरी मागे लागली. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घेतलं. कांदा अगदी मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतायचा. थोडं सफरचंद, म्हणजे दाटपणा येतो. आलं आणि मिरची, म्हणजे मागाहून तिखट लागतं. साखर थोडी करपवून घ्यायची. निम्मे आलुबुखार ताजे आणि निम्मे सुके. सुके भिजवायला एकदा गरम पाणी नव्हतं, तर सकाळचा उरलेला कोरा चहा फेकायच्या ऐवजी तिनं तोच त्यांच्यावर ओतला, आणि त्या चहाच्या कडवटपणानं काहीतरी जागेवर आलं. लाकडी उलथनं पातेल्याच्या बुडाशी फिरवलं की मागे वाट पडली पाहिजे आणि ती हळूहळू बुजली पाहिजे, मग गॅस बंद. मग बाटल्या भरून अंधाऱ्या फळीवर मुरायला ठेवायच्या आणि विसरून जायचं. हे विसरून जाणं भावजींना सगळ्यात अवघड गेलं. ते रोज एक झाकण उघडून चमचा घालायचे, आणि ताई रोज त्यांच्या हातातून चमचा काढून घ्यायची.

शेवटी एक दिवस भावजींनी डोळे मिटून चाखली. परत चाखली. मूळ जहाजाची एक बाटली शेजारी होती, तिच्यातलीही चाखली. मग म्हणाले, "आता मला सांगता येत नाही कुठली कुठली."

ताईचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. इथून पुढे भावजींचं डोकं चाललं. त्यांचं म्हणणं असं की लोकांना घरची चटणी म्हणून दिली तर खायच्या आधीच ते खोट काढायला बसतील. त्यापेक्षा हळूहळू बदल करायचा. गोळा करून आणलेल्या खऱ्या जहाजात आधी थोडी ताईची मिसळायची. कुणाला कळलं नाही तर थोडी आणखी. मग निम्मीनिम्मी. आणि खरी संपेल तेव्हा लोकांच्या जिभेला काही पत्ता लागलेला नसेल. आणि बाटल्या? बाटल्या त्याच. जहाजाच्या.

त्या बाटल्या धुण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. कागद भिजू नये म्हणून बाटलीला खालून प्लास्टिकची पिशवी चढवायची, गळ्याशी रबर लावायचं, आणि मग आतून ब्रश घालून धुवायची. एखाद्या कागदाचा कोपरा सुटला की डिंकाचं बोट लावून दाबत बसायचे. माणूस आळशी आहे, हे मी त्यांची मेहुणी म्हणून खात्रीनं सांगू शकते, पण त्या बाटल्या त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपल्या.

झालंही त्यांच्या मनासारखं. खरी चटणी केव्हा संपली हे आम्हालाही नीट आठवत नाही. पास-नापास साहेब रोज यायचे, टोस्टचा घास घ्यायचे आणि मान हलवायचे. "जहाजवाले, जगात सगळं बदललं हो. ही चटणी तेवढी बदलली नाही." भावजी छाती फुगवून हसायचे. ताई तव्यावरचं वजन उचलून टोस्ट उलटायची.

सुरुवातीला तिला गंमत वाटायची. प्लायवूडवर दोनदा टकटक करायची, म्हणजे मी समजायचं की आणखी एकजण फसला. मग ती टकटक बंद झाली. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून ती दोघं चहा घ्यायची, तेव्हा कधीतरी ताई म्हणायची, "एखाद्याला तरी सांगू या का? साहेबांना तरी?"

"काय सांगणार? नक्कल करतो म्हणून?"

"चांगली झालीय ना पण."

"चांगली झालीय म्हणून तर कुणाला कळत नाही. नक्कल कितीही हुबेहूब असली तरी कौतुक मूळ मालाचंच असतं ना? त्यांनी शोधली, तू बघून केलीस."

ताईला ते पटायचं. मला पटायचं नाही, पण मला कोण विचारतंय. तिला काय हवं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. काही सत्कार नको होता. एकदा, एका माणसानं, टोस्ट खाता खाता म्हणावं, वहिनी, चटणी छान केलीत हो. बस्स. एवढ्याशा गोष्टीसाठी माझी ताई रोज काउंटरमागे उभी राहायची आणि रोज जहाजाचं कौतुक ऐकून आत जायची. मला भावजींचा मनस्वी राग यायचा. भावजी वाईट नव्हते, भित्रे होते. वडिलांनी सोपवलेली एक गोष्ट आपल्या हातून निसटली हे त्यांना जगापुढे कबूल करायचं नव्हतं.

आणि मग जहाज परत आलं.

एका सकाळी नव्या कंपनीचा विक्रेता खोकी घेऊन दारात उभा. कुणीतरी जुना कारखाना विकत घेतला होता, जुनीच पद्धत, जुनीच माणसं बोलावली होती, बाटलीवर तेच निळं जहाज. काउंटरवरच्या आमच्या बाटल्या बघून तो चाट पडला. "तुमच्याकडे अजून जुना माल आहे?" भावजी "पुरवून पुरवून वापरतो" म्हणाले आणि घाईघाईनं त्याला खोकी आत ठेवायला लावली. तो गेल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. इतकी वर्षं मानगुटीवर बसलेली भीती उतरली म्हणा ना.

"आता तुझी सुटका," ते ताईला म्हणाले. "ते चिरणं नको, ढवळणं नको. खरं जहाज आलं."

ताईनं पडद्याआड नेऊन बाटली उघडली. मी तेव्हा तिच्याकडे सुई मागायच्या निमित्तानं गेले होते. खरं म्हणजे चाखायला गेले होते. तिनं चमच्याच्या टोकावर थोडी घेतली. तोंडात घोळवली. मग चष्मा काढून बाजूला ठेवला आणि पुन्हा थोडी घेतली.

भावजींनीही घेतली. "छे. ही फार गोड आहे. नव्या लोकांनी बदलली वाटतं."

"नाही," ताई म्हणाली. "हीच. ही तंतोतंत तीच आहे. आपण विसरलो."

तिनं फळीवरची आपली बाटली काढली, एका बशीत दोन्ही शेजारी शेजारी वाढल्या. बघितलं तर रंगसुद्धा वेगळा होता. ताईची जास्त काळी, जास्त आंबट, मागाहून कडवट. असं कसं झालं ते ताईलाच आधी कळलं. खऱ्या बाटल्या संपल्यावर ती प्रत्येक नवा घाणा मागच्या घाण्याशी ताडून बघायची. मागच्यातली वाटीभर मुद्दाम राखून ठेवायची त्यासाठी. एखाद्या वर्षी आलुबुखार जरा आंबट मिळाले, एखाद्या वेळी आलं कोवळं निघालं, की दरवेळी केसभर फरक. केसभर फरक जिभेला कळत नाही. पण असे किती घाणे झाले होते! चटणी कधीच दुसऱ्या गावाला जाऊन पोचली होती आणि आम्ही तिघंही समजत होतो की ती घरीच आहे.

ताईनं दोन्ही पुन्हा एकेकदा चाखल्या. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ही नक्कल नाही. ही माझी आहे."

भावजींनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडेच बघत होते, त्यांनी ऐकलं. पण ते खोकी उघडायला वळले.

काउंटरवर खरं जहाज लागलं. ताईचं स्टीलचं पातेलं घासून पालथं पडलं. तिला दुपारी वेळ मिळायला लागला, तर ती माझ्या गाळ्यात येऊन शर्टांना बटणं लावून द्यायची. मी तिला म्हटलं, "तू बोलत का नाहीस?"

"काय बोलू?"

"की तुझी होती म्हणून."

"आता बोलून काय? मी करत होते हे कुणाला कळायच्या आतच ती बंद झाली." तिनं दोरा दातानं तोडला. "जाऊ दे. दे तो दुसरा शर्ट."

तिचं ते 'जाऊ दे' मला सहन झालं नाही. मी भावजींशी बोलणं टाकलं. त्यांना आठवडाभर ते लक्षातच आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

कारण त्यांच्यामागे दुसरंच शुक्लकाष्ठ लागलं होतं. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली होती. कुणी म्हणायचं गोड झालीय, कुणी म्हणायचं पांचट झालीय. अर्धे टोस्ट पुन्हा बशीत परत. पास-नापास साहेब म्हणाले, "जहाजवाले, तुमचं जहाज बुडालं." भावजींनी विक्रेत्याला बोलावून घेतलं. तो बिचारा बुचकळ्यात पडला. म्हणाला, "साहेब, बाकी सगळीकडे लोक खूश आहेत. जुनी माणसं म्हणतात, अगदी पहिल्यासारखी. तक्रार फक्त तुमच्या दुकानातून येतेय."

त्या संध्याकाळी चहा घेताना भावजी गोड आवाजात म्हणाले, "अगं, एक घाणा काढतेस का?"

"काढते की."

"बरं झालं बाई. मी बाटल्या..."

"पण जहाजाच्या बाटलीत भरणार नाही."

प्लायवूडच्या पलीकडे मी हातातलं काम खाली ठेवलं.

"म्हणजे?" भावजी म्हणाले.

"म्हणजे आता दुकानात खरं जहाज मिळतं. त्याच्या बाटलीत माझी भरली तर ते नुसतं खोटं झालं. आधी निदान नक्कल होती."

"अगं, पण लोक काय म्हणतील? इतकी वर्षं फसवलं म्हणतील!"

"फसवलंच की."

भावजींनी आवाज चढवला, वडिलांचं नाव काढलं, दुकान बसेल म्हणाले, मग विनवण्या केल्या. ताई एकदाही चिडली नाही आणि तसूभरही हलली नाही. चार दिवस दोघांत अबोला. टोस्ट करताना "पाव", "वजन", "बशी" एवढेच शब्द. शेवटी भावजींनी तोडगा काढला. ताईची चटणी काचेच्या साध्या बरणीत भरून काउंटरवर ठेवायची. तिच्यावर काही लिहायचं नाही, तिच्याबद्दल काही बोलायचं नाही. लोकांना जुनी चव लागली की ते आपणच ओळखतील, खूश होतील आणि सगळं बिनबोभाट पार पडेल. ताई तयार झाली. मला वाटतं तिलाही तेच हवं होतं, की कुणी न सांगता ओळखावी.

चटणी मुरून बरणी काउंटरवर आली त्या सकाळी ताईनं धुतलेला ॲप्रन घातला होता. मी माझं दुकान उघडं टाकून त्यांच्या दारात येऊन उभी राहिले. कचेरीची रांग सुटली होती, काउंटरवर बरीच माणसं होती. पास-नापास साहेब आले. भावजींनी त्यांच्या टोस्टला बरणीतली चटणी लावली आणि म्हणाले, "आज ही खाऊन बघा, साहेब."

साहेबांनी घास घेतला. सावकाश चावला. ताई तव्याशी होती, पण तिचं सगळं लक्ष त्या चावण्याकडे होतं. साहेबांनी दुसरा घास घेतला.

"वाईट नाही," ते म्हणाले. "घरची आहे का? वहिनींनी केलेली? मनापासून केलीय हो. पण कसं आहे, जुन्या जहाजाची सर नाही तिला. ती चव काही औरच होती. आलं थोडं कमी घाला, वहिनी. जमेल हळूहळू."

शेजारच्या दोघातिघांनी आपापला टोस्ट चावत माना डोलावल्या. "जहाज ते जहाज," एकजण म्हणाला.

"बरं," ताई म्हणाली. आणि तव्याकडे वळली. टोस्ट उलटायची वेळ झाली नव्हती, तरी तिनं तो उलटला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी दुसराच आवाज आला.

"साहेब, जुनं जहाज म्हणजे हेच!"

भावजी होते. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, ताईनंही नसेल.

"हीच खाल्लीत तुम्ही इतकी वर्षं. रोज. याच तोंडानं. खरं जहाज मी तुम्हाला गेल्या महिन्यात दिलं, ते तुम्ही टाकून दिलंत! कारखाना बंद पडला तेव्हापासून ही करतेय, माझी बायको. चिरलं हिनं, ढवळलं हिनं, हात पोळले हिचे. मी नुसत्या बाटल्या धुतल्या आणि खोटं बोललो. आणि तुम्ही तिला सांगता, आलं कमी घाला? जमेल हळूहळू?"

साहेबांनी हातातला टोस्ट बशीत ठेवला. रुमालानं बोटं पुसली, एकेक. त्यांचा चेहरा पडला होता.

"म्हणजे तुम्ही आम्हाला मूर्ख बनवलंत," ते म्हणाले.

"हो," भावजी म्हणाले. "मी बनवलं. हिनं नाही."

साहेब रस्ता ओलांडून निघून गेले. त्यांच्यामागून आणखी काहीजण गेले. परीक्षा द्यायला आलेली एक बाई तेवढी थांबली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "पण माझा टोस्ट होणार आहे ना?"

पुढचे दिवस वाईट गेले, ते लपवण्यात अर्थ नाही. बातमी कचेरीत टेबलाटेबलावर पोचली. गर्दी निम्मी झाली. जाणारे-येणारे "नकली जहाज" म्हणून हसायचे. भावजींना कुणी जहाजवाले म्हणेनासं झालं, नुसतं "ओ टोस्टवाले." त्यांना ते लागायचं. मला तोपर्यंत त्यांच्याबद्दल राग सोडून दुसरं काही फारसं वाटलेलं नव्हतं, पण त्या दिवसांत मी त्यांच्या शर्टाची कॉलर न सांगता उलटून शिवून दिली. त्यांनीही ती न बोलता घातली.

हळूहळू काही गिऱ्हाइकं परत आली. काहींना दुसरीकडे तशी चटणी मिळेना म्हणून आली, काही नवीच होती. पास-नापास साहेब अजून आलेले नाहीत. कचेरीच्या खिडकीतून दुकानाकडे बघतात असं शिपाई सांगतो.

भावजींनी मात्र एक गोष्ट धरली. कुणीही काउंटरवर येऊन "जहाज आहे का?" विचारलं की रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, "जहाज नाही. हिची आहे. माझ्या बायकोनं केलेली!" आणि हात ताईकडे. ताईला आधी बरं वाटलं, मग अवघडल्यासारखं झालं, मग अगदी नको झालं. एक दिवस मी चहाला गेले असताना ती पडद्याआड भावजींना म्हणाली, "अहो, पुरे झालं आता. सगळ्यांना कळलं. किती वेळा सांगाल?"

"इतकी वर्षं तू जहाज जहाज ऐकून घेतलंस ना, मान खाली घालून?" भावजी म्हणाले. "मी शेजारी उभा होतो. मला दिसत नव्हतं असं वाटलं का तुला? रोज दिसत होतं. आता हे ऐक. माझं फिटेपर्यंत ऐक."

ताई रडली. लग्नात रडली नव्हती ती. भावजींनी बावचळून हाताला लागलेलं फडकं तिच्यापुढे धरलं.

तेवढ्यात काउंटरवरून कुणीतरी हाक मारली. नवं गिऱ्हाईक होतं. "जहाजाची चटणी मिळते ना इथे?"

भावजींनी सवयीनं श्वास घेतला. ताईनं ॲप्रनला डोळे पुसले, हातानं त्यांना बाजूला केलं आणि स्वतः पुढे झाली.

"नाही," ती म्हणाली. "इथे माझी मिळते. खाऊन बघा."